पहिलं हसू त्यांचं

बाबा,

दुकानात माप घेताना तुम्ही आकडा कधी मोठ्याने उच्चारला नाही. बाजारातल्या दुसऱ्या शिंप्यांकडे छाती, कंबर, घेर असे आकडे लिलाव पुकारल्यासारखे बाहेर यायचे आणि बाकड्यावर बसलेली सगळी गिऱ्हाइकं ते ऐकायची. तुम्ही टेप फिरवता फिरवता समोरच्या बाईला विचारायचात, यंदा केळीला घड कसे लागलेत, धाकटीचा ताप उतरला का. ती उत्तर देत असतानाच माप घेऊन झालेलं असायचं. मी पायरीवर बसून काज करायला शिकत होते. मला वाटायचं, बाबांना गप्पांची आवड आहे. घरी तर तुम्ही मोजकंच बोलायचात, कधीकधी दिवसभर नाही, आणि हे दोन बाबा वेगळे आहेत हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं गेली.

हे मी शाळेच्या मराठीत लिहिते आहे. आपली घरची बोली मला बोलता येते, तिच्यात भांडता येतं, पुढे तर तिच्यात माणसांनी भरलेली मैदानं हसवता आली, पण कागदावर ती उतरवायला गेले की हात अडखळतो. तुम्ही समजून घ्याल.

मी जन्मापासून अंगाने भरलेली, आयसारखी. तुम्ही आणि दादा सडपातळ. चौघं मिळून देवळात मिस्साच्या प्रार्थनेला निघालो की रस्त्यावरचं कोणीतरी म्हणायचंच, मास्तरांच्या घरातलं अर्धं जेवण कोण खातं ते दिसतंय. आय हसून पुढे जायची. मीही हसायला शिकले. चौथीत असताना नाताळच्या नाटिकेत मला देवदूत व्हायचं होतं. मला सगळी वाक्यं पाठ होती, आवाजही खणखणीत होता. नाटिका बसवणाऱ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, देवदूताला उडायचं असतं." सगळा वर्ग हसत सुटला. मला गोठ्यातला बैल केलं. तुम्ही रात्री तपकिरी कापडाची शिंगं शिवून दिलीत, आत कापूस भरून. नाटिकेत मरिया आणि योसेफ अगदी गंभीरपणे बोलत असताना मी मध्येच हंबरले. ठरलेलं नव्हतं, तोंडातून निघालं. देवळासमोरचं अख्खं पटांगण हसलं. बाबा, त्या हसण्याची चव मी विसरू शकले नाही. रोज माझ्यावर हसणारे तेच लोक, पण त्या दिवशी ते माझ्या इशाऱ्यावर हसले होते, निदान मला तसं वाटलं.

मग तो माझा धंदाच झाला. लग्नाचा मांडव असो, बारसं असो, कोणी ना कोणी म्हणायचं, "ए, ते करून दाखव ना." ते म्हणजे, मी डुलत डुलत यायची, बाकड्यावर बसायची, बाकडं मोडल्यासारखं करून खाली पडायची आणि उठता येत नाही म्हणून हातपाय झाडायची. बायका डोळे पुसायच्या. माझी चुलतबहीण गास गावात दिली तेव्हा तिच्या मांडवातही मी ते केलं. अकरावीची परीक्षा झाली होती, नवा झगा घातला होता, तुम्हीच शिवलेला. पडताना तो मातीत मळला. लोक "अजून एकदा, अजून एकदा" करत होते, तेवढ्यात तुम्ही आलात, माझा दंड धरलात आणि मला विहिरीकडे घेऊन गेलात.

"हसले ना लोक?" तुम्ही विचारलंत.

"हसले की."

"कोणावर?"

मी उत्तर तयारच ठेवलं होतं. इतकी वर्षं मी स्वतःला तेच देत आले होते. "हसू दे ना, बाबा. मी पुढून हसवते म्हणजे ते मागून हसत नाहीत."

तुम्ही रहाटाची बादली विहिरीत सोडलीत. मग म्हणालात, "मागून हसतात तेव्हा त्यांना निदान थोडी लाज असते. तू तीही काढून घेतलीस." आणि भरलेली बादली वर ओढून माझ्या झग्यावरचा चिखल धुवायला लागलात, जसं काही तुम्ही मला तेवढ्यासाठीच तिथे आणलं होतं. मी रडले. तुमचा राग आला. या माणसाला माझं काय कळणार, असं वाटलं. तुमच्याकडे रस्त्यात कोणी वळून बघत नव्हतं.

पुढे शिक्षिकेचा अभ्यासक्रम पूर्ण केला. मार्क चांगले होते. आपल्याच भागातल्या एका शाळेत मुलाखतीला बोलावलं. मुख्याध्यापक सभ्य माणूस होता, आवाज मऊ. कागद पाहिले, दोन कविता शिकवून दाखवायला सांगितल्या, मान डोलावली आणि म्हणाले, "तुम्ही हुशार आहात यात शंका नाही. पण पोरांचा विचार करावा लागतो. पोरं हसतील हो. वर्ग हातात राहणार नाही." इतक्या काळजीने म्हणाले की मी त्यांचे आभार मानून बाहेर आले. मग एका वकिलाकडे टाइपिंगला लागले. यंत्राच्या मागे बसलेली बाई केवढी आहे याच्याशी अर्जांना काही देणंघेणं नव्हतं.

त्याच वर्षी ते स्थळ आलं. तुम्हाला आठवत असेलच. मुलगा, त्याची आई आणि मध्यस्थी करणारा एक नातेवाईक. आयने सकाळपासून मैद्याचे गोड फुगे तळले होते, करंज्या केल्या होत्या. मुलाच्या आईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग खालपासून वरपर्यंत पाहिलं, करंजी संपवली, बोटं पुसली आणि तुम्हाला म्हणाली, "मास्तर, एक विचारू? हिच्या लग्नाच्या झग्याला कापड किती लागेल हो? आमच्याकडे तेवढ्यात दोन सुना निघतील!" नातेवाईक हसला. मुलगाही खाली मान घालून हसला. मला माझा जुना इलाज आठवला, आता आपणच काहीतरी म्हणावं, आपणच जोरात हसावं. तेवढ्यात तुम्ही बोललात. "कापड माझं आहे. शिवणार मी. तुम्ही चहा गार करू नका." आवाज चढला नाही. पण त्यानंतर घरात कपबशांशिवाय कशाचाही आवाज झाला नाही आणि ती मंडळी लवकर उठली.

ते गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. आय भांडी आवरत होती, पाठ फिरवून, म्हणजे रडत होती. तिला असं बघवेना. मी खुंटीवरचं फडकं पर्ससारखं काखेत धरलं, पाटावर अर्धवट टेकले, मान एकदा वरून खाली, एकदा खालून वर फिरवली, करंजीचा तुकडा दोन बोटांत नाजूक धरला आणि त्या बाईच्या आवाजात म्हणाले, "मास्तर, एक विचारू?" आयने वळून पाहिलं. मी पुढे गेले. ती कशी करंजी खाताना दुसरीवर नजर ठेवते, जाड मुलगी नको म्हणते आणि तिसरी करंजी उचलते, मुलाला कोपराने कशी ढोसते. आय भिंतीला धरून हसायला लागली, इतकी की तिचं सगळं अंग हलत होतं आणि डोळ्यांतलं पाणी नुसतं वाहत होतं. मी मागे वळले तर दारात तुम्ही.

मला वाटलं, आता बोलणी बसणार. घरी आलेल्या माणसाची नक्कल करू नये हे तुम्हीच शिकवलेलं.

तुम्ही म्हणालात, "परत कर."

मी परत केलं. तुम्ही हसला नाहीत. दाराच्या चौकटीला टेकून शेवटपर्यंत पाहिलंत. मग म्हणालात, "आता हसू बरोबर माणसाकडे गेलं. हे लोकांसमोर कर."

त्या काळात एकपात्रीची हवा होती. गणपतीत, वाचनालयाच्या कार्यक्रमात एखादा माणूस यायचा आणि खांद्यावरचं उपरणं डोक्यावर घेतलं की बाई, कमरेला बांधलं की पैलवान, असं करत तास-दोन तास लोकांना धरून ठेवायचा. मी असे प्रयोग पाहिले होते. एकटी बाई असं काही करताना मात्र पाहिली नव्हती. आणि त्या सगळ्या प्रयोगांत एक जाड बाई हमखास असायची. ती जिने चढताना धापा टाकायची, खात सुटायची, लोक हसायचे, मीही हसायची.

रविवारी दुपारी जेवणं झाली की आपण दुकानात जायचो. फळ्या अर्ध्या लावून तुम्ही मशीनपाशी बसायचात आणि मी समोर उभी राहून करून दाखवायची. वाट सापडत नव्हती. मी उभी राहिले की मी दिसायचे, आणि मी दिसले की जुनी सवय अंगात यायची, पाय आपोआप डुलायला लागायचे. एकदा वैतागून मी म्हटलं, "मी स्टेजवर असताना लोक जाड बाईशिवाय दुसरं काय बघणार?" तुम्ही दोरा ओवून संपवलात. मग उठलात आणि गिऱ्हाइकाची खुर्ची माझ्यासमोर आणून ठेवलीत. "ती इथे बसली आहे असं समज. तू बाकीची सगळी हो."

बस्स, तिथून सगळं सुटत गेलं. खुर्ची रिकामी. तिच्यात एक जाड मुलगी बसली आहे, ती अगदी शेवटापर्यंत काही बोलत नाही. आणि मी, एवढी मोठी मी, तिच्याशी बोलायला येणारी सगळी बारीक माणसं. कान दुखतो म्हणून गेलेल्या मुलीला आधी वजनकाट्यावर उभं करणारे डॉक्टर. "मागे बसू नका, गाडी एका बाजूला जाते" म्हणणारा कंडक्टर. "कमी खात जा गं बाई" म्हणत म्हणत तिच्या ताटात आणखी दोन फुगे टाकणारी आत्या, आणि एक उरला तर "माझ्या हातचं आवडलं नाही का?" म्हणून रुसणारी. "पोरं हसतील हो" म्हणणारे मऊ आवाजाचे मुख्याध्यापक. शेवटी करंजीवाली मुलाची आई. मी पुस्तकी मराठीत सुरुवात केली होती, पण आत्या पुस्तकी मराठीत बोलेना. तिला मी आपल्या बोलीत सोडलं आणि ती जिवंत झाली. मग एकेक करून सगळेच आपापल्या बोलीवर गेले, फक्त मुख्याध्यापक तेवढे छापील बोलत राहिले, ते त्यांना शोभत होतं.

तुम्ही शिंप्याच्या नजरेने बघायचात. "इथे सैल आहे." "हे लांबलं, कापून टाक." डॉक्टरांच्या प्रवेशात मी फार तापायची, कारण तो कान माझाच होता, मीच चार दिवस ठणका सोसला होता. तुम्ही म्हणालात, "इथे तू रागावलीस. रागाने टाका ओढला की कापड गोळा होतं. हलक्या हाताने कर, आपोआप बसेल." मी हलक्या हाताने केलं आणि पहिल्यांदाच तुमच्या मिशीखाली काहीतरी हललं.

झग्याचं तर वेगळंच महाभारत झालं. सगळ्या काकू-मावश्यांनी लहानपणापासून बजावलं होतं, जाड बाईने गडद रंग घालावेत, पट्टे घालायचेच तर उभे. तुम्ही कापड आणलंत ते पिवळ्या आणि लाल रंगाचं, हाताएवढे रुंद, आडवे पट्टे. आय म्हणाली, "अहो, ही त्यात केवढी दिसेल!" तुम्ही म्हणालात, "जेवढी आहे तेवढी दिसेल." अंगात घातल्यावर कुठे घट्ट नव्हतं, कुठे लपवलेलं नव्हतं. हात वर करता येत होता, खाली बसता येत होतं, श्वास घेता येत होता. आरशात मी पहिल्यांदा स्वतःकडे सावकाश पाहिलं.

आपल्या गावच्या सणाचा दिवस. संध्याकाळचा कार्यक्रम, देवळासमोर फळ्यांचं स्टेज, पुढे सतरंज्यांवर बायका-पोरं, मागे बाकांवर पुरुष. आधी शाळकरी मुलींचा नाच, मग गाणी, मग मी. कार्यक्रमाची व्यवस्था बघणारे गृहस्थ पडद्यामागे येऊन म्हणाले, "विनोदी आहे ना? थोडं पडून-बिडून दाखव. लोक वाट बघतायत." मी म्हटलं, "बघू." तुम्ही स्टेजच्या बाजूला उभे होतात. म्हणालात, "तू गेलीस की ते हसतील. पहिलं हसू त्यांचं. अडवू नको, आटू दे. कापड आटल्यावरच बेतायचं."

मी खुर्ची घेऊन बाहेर आले आणि तसंच झालं. आडव्या पट्ट्यांत मला पाहिल्यावर पटांगण हसत सुटलं. शिट्ट्या आल्या. कोणीतरी ओरडलं, "खुर्ची सांभाळ!" मी खुर्ची मध्यभागी ठेवली, बाजूला उभी राहिले आणि वाट बघितली. मी वर्षानुवर्षं ज्या हसण्यात उडी मारत आले होते त्याच्या काठावर नुसती उभी राहिले. ते हसणं मोठं झालं, मग पातळ झालं, मग कुठेतरी एकटंदुकटं उरलं, आणि मग लोक एकमेकांकडे बघायला लागले. पूर्ण शांत झाल्यावर मी म्हटलं, "झालं? मग आता मी सुरू करू?"

आणि बाबा, ते दुसरं हसू. ते मला पहिल्यासारखं वाटलं नाही. त्यात माणसं स्वतःवरच जराशी हसली होती.

डॉक्टर चालले, कंडक्टर चालला. आत्या आली तेव्हा बायकांनी एकमेकींना चिमटे काढले, कारण प्रत्येकीच्या घरात ती होती. मध्येच मागच्या बाकांवरून एक जण ओरडला, "अगं, एकदा पड ना!" दोन-तीन जणांनी री ओढली. माझ्या गुडघ्यांना ते ऐकायची सवय होती, ते वाकायलाच निघाले होते. मी आत्याचा वाढणारा हात तसाच हवेत ठेवून त्या बाजूला पाहिलं आणि म्हटलं, "कोण ते? वर या, दादा. तुम्ही पडून दाखवा, मी बघून शिकते." पटांगण त्याच्याकडे वळलं. तो काही आला नाही. त्याच्याच शेजारी बसलेला एक चांगला गलेलठ्ठ माणूस मात्र टाळ्या वाजवायला लागला, आधी हळू, मग दोन्ही हात वर करून.

मुलाच्या आईच्या प्रवेशाकडे वळले आणि मला ती दिसली. खरी. बायकांमध्ये, पुढच्या बाजूला, मांडीवर नातवंड घेऊन. आपल्या गावात तिचं माहेरचं कोणी असेल आणि ती सणाला येईल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एक क्षण वाटलं, हा प्रवेश गाळावा. दुसऱ्या क्षणी वाटलं, आता असा करावा की ती पुन्हा या गावात येणार नाही. खुर्चीतल्या मुलीच्या तोंडी शेवटी एक झोंबरं उत्तर मी घातलं होतं, ते जिभेवर आलंही. मग तुमचा टाका आठवला. मी प्रवेश केला, करंजीसकट. लोक लोळत होते. ती हसत नव्हती, नातवाच्या डोक्यावरून हात फिरवत होती. मी तिच्या आवाजात विचारलं, "झग्याला कापड किती लागेल हो?" आणि मग पहिल्यांदाच जाऊन त्या खुर्चीत बसले. खुर्ची मोडली नाही. पटांगण पडण्याची वाट बघत होतं, ते शांत झालं. मी माझ्या आवाजात म्हटलं, "मावशी, कापड बरंच लागेल. पण बाबांना माझे कपडे शिवायला आवडतात. लवकर संपत नाहीत ना."

हे आपण ठरवलेलं नव्हतं. कुठून आलं माहीत नाही. लोक हसले, आणि हसता हसता मध्येच कुठेतरी थांबले. बायकांच्या बाजूला कोणीतरी नाक ओढलं. मग टाळ्या.

खाली उतरल्यावर लोक भेटायला आले. एक आई आपल्या गुबगुबीत मुलीला पुढे ढकलत होती, मुलगी माझ्या झग्याचा पट्टा बोटाने चाचपत राहिली. चंदनसारकडची एक म्हातारी, आपल्याकडे सणाच्या बाजारात वाल आणि तांदूळ विकायला यायची ती, पाण्याचा पेला घेऊन आली. "आधी पानी पी, पोरी. घसा सुकला असंल." मी प्यायले. मग म्हणाली, "माजी सून तुज्यासारकीच हाय. मी तिला लय बोलते." मी पेला परत दिला. ती थोडा विचार करून म्हणाली, "येकदम बंद नाय व्हनार. पन कमी बोलंन." इतकं प्रामाणिक आश्वासन मला नंतर कोणी दिलं नाही.

तुम्ही मात्र एकदाही हसला नव्हतात. मी स्टेजवरून बघत होते. घरी जाताना मी रुसून विचारलं, तर आयच म्हणाली, "ते कुठलं हसतायत? खांद्याची शिवण धरते की नाही ते बघत होते." तुम्ही म्हणालात, "धरली." थोडं पुढे गेल्यावर म्हणालात, "सगळंच धरलं." मला तेवढं पुरलं.

ती मुलाची आई काही आठवड्यांनी तुमच्या दुकानात आली, ब्लाउज शिवायला. नातवाला कडेवर घेऊन फिरूनसुद्धा अंग सुटलं होतं म्हणे. टेप हातात घेतलीत तशी ती पुढे वाकून म्हणाली, "मास्तर, जरा हळू बोला." तुम्ही म्हणालात, "मी बोलतच नाही," आणि विचारलंत, नातू चालायला लागला का. मी पायरीवरच होते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि जाताना मला विचारलं, "पुढचा कार्यक्रम कुठे आहे?"

पुढचा नालासोपाऱ्यात होता, मग वाचनालयात, मग कुठे कुठे. सगळीकडे जमलं असं नाही. एका ठिकाणी लोक चुकीच्याच जागी हसत राहिले आणि मी घरी येऊन न जेवता झोपले. कंडक्टर काही बदलले नाहीत. पण वाचनालयाच्या प्रयोगाला ते मुख्याध्यापक आले होते. स्वतःच्या वाक्यावर सगळ्यांबरोबर हसले आणि मग हसू चेहऱ्यावर तसंच राहून त्यांची मान हळूहळू खाली गेली, हे मी वरून पाहिलं. जूनमध्ये त्यांच्या शाळेतल्या एक बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि बदली शिक्षिका म्हणून मला बोलावणं आलं. मला वर्गापर्यंत सोडायला ते स्वतः आले आणि दाराशी म्हणाले, "मी चुकलो असेन तर मला आनंदच होईल." पोरं हसलीच. मी खडू हातात धरून उभी राहिले. आटू दिलं. मग म्हटलं, "झालं?" त्या शाळेतून मी निवृत्त झाले, बाबा.

तुम्ही गेलात तेव्हा मला शाळेत कायम होऊन फार दिवस झाले नव्हते. तुमच्यामागे आयने एकदा सहज बोलता बोलता सांगितलं की लहानपणी तुम्ही बोलताना अडखळायचात, शब्द तोंडात अडकायचा, आणि गावातली पोरं तुमच्यामागून तुमची नक्कल करत चालायची. म्हणून शाळा सोडलीत आणि मशीनवर बसलात. तोवर मला हे कधी कळलं नव्हतं. नक्कल कुणाची करायची नाही, आणि कुणाची करायची, हे तुम्ही पुस्तकात वाचलेलं नव्हतं. मला विहिरीपाशी वाटलं होतं, या माणसाला माझं काय कळणार.

मागच्या महिन्यात एव्हरशाईन सिटीतल्या बायकांच्या एका मंडळाने बोलावलं होतं. तरुण मुली माईक हातात घेऊन मराठी, हिंदी, इंग्रजी मिसळून धडाधड बोलतात, एकटीच, न घाबरता. आम्ही ज्याला नुसतं "बोलणी खाणं" म्हणायचो त्याला आता बॉडी शेमिंग असं नावच आहे. त्यांच्यातली एक अंगाने माझ्यासारखी. तिने पहिल्या वाक्यापासून समोरच्यांची अशी काही फिरकी घेतली की पहिलं हसू आटायची वाट बघायचीही तिला गरज पडली नाही. मला तुमची फार आठवण आली. दुःखाने नाही. तुम्ही मागे उभे राहून शिवणी बघितल्या असत्या, एवढंच मनात आलं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. मृतांच्या दिवशी तुमच्या कबरीवर मेणबत्ती लावेन तेव्हा सोबत नेणारही नाही, वाऱ्याने उडून कोणाच्या हातात पडायचं. घडी करून कपाटात ठेवेन. पण एक सांगायचं आहे आणि ते फक्त तुम्हालाच सांगता येईल. इतके प्रयोग केले, इतक्या लोकांना शहाणपण शिकवलं, तरी फोटो काढायची वेळ आली की मी अजून मागच्या रांगेत जाऊन कोणाच्यातरी खांद्याआड उभी राहते. गेल्या रविवारी देवळात दादाच्या नातीच्या पहिल्या कम्युनियनचा विधी होता. गोलमटोल पोरगी, पांढऱ्याशुभ्र झग्यात. फोटोवाल्याने सगळ्यांना उभं केलं तशी ती ओरडली, "आजी, तू दिसत नाहीस! पुढे ये, माझ्या बाजूला!" आणि सगळ्यांसमोर येऊन माझा हात ओढला. मी गेले. अगदी पुढे, मध्यभागी, तिच्या शेजारी.

पोट मात्र आत ओढून घेतलं होतं, बाबा. फोटोत कळत नाही. तुम्ही कोणाला सांगू नका.